खुब्याचं दुखणं आणि हाडाची तात्पुरती विरळता

मी डॉक्टर नाही. हे माझ्या खुब्यानेच मला शिकवलं. फौजेत दुखणं अंगावर काढायची सवय लागते, पण इथे ती चालत नाही.

पडणं-झडणं काही नसताना जांघेत कळ सुरू होते. पाय टेकला की वाढते, आडवं झालं की ओसरते. मध्यमवयीन पुरुषांना आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायकांना होणारा हा ट्रान्झियंट ऑस्टिओपोरोसिस असू शकतो. एक्स-रे पहिले ४ ते ६ आठवडे स्वच्छ येऊ शकतो. एमआरआयमध्ये मात्र मांडीच्या हाडाच्या गोळ्यातली सूज लवकर दिसते.

खरा पेच पुढे आहे. रक्तपुरवठा तुटून हाड मरत असेल, तरी सूज दिसू शकते. त्यात सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते. तात्पुरत्या विरळतेत हाड बहुधा ६ ते १२ महिन्यांत आपसूक भरतं. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, गोळ्यात मेलेल्या हाडाची रेषा दिसते का? स्टेरॉइड आणि दारू हाड मरण्याची नेहमीची कारणं, तेव्हा काही लपवू नका. कँटीनची रमसुद्धा!

तोवर कुबड्या वापरा. विरळ हाडावर भार पडला तर ते मोडू शकतं.