परभणीला चेहरा देणारे बाहेरचे

मागच्या दिवाळीनंतर परभणीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बंद होण्याचं एवढं वाटलं नसतं, पण आतल्या सगळ्या निगेटिव्ह वजनावर गेल्या, त्यातली चांदी काढून घेणाऱ्याकडे. ते ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

तो स्टुडिओ बाहेरून आलेल्या माणसाचा होता, आणि आमच्या मुलखाचा पहिला मोठा छायाचित्रकारही बाहेरचाच. लाला दीनदयाळ मेरठजवळच्या सरधन्याचे. रुडकीत शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केली आणि १८८५च्या सुमारास सहाव्या निजामाच्या पदरी आले. परभणी तेव्हा निजामाचीच. महाल, कवायती, शिकारी हे सगळं त्यांनी काढलं. मला मात्र त्यांचे १८९९-१९००च्या दुष्काळातले औरंगाबादकडचे फोटो मोठे वाटतात. दरबाराच्या छायाचित्रकाराने उघड्या बरगड्यांच्या माणसांसमोर कॅमेरा लावला आणि त्यांनाही सरदारांइतकंच नीट उभं केलं. १९०५ साली ते गेले. पुढची कित्येक दशकं मी भराभर उलटतो. त्यांत मला पुढारी, सभा आणि हारतुरेच दिसतात.

नव्वदचं दशक माझ्या डोळ्यांसमोरचं. त्या स्टुडिओचे मास्तर हैदराबादकडून पोरवयात आलेले. मराठी बोलायचे, पण दख्खनी वळणाची. रंगीत रोल धुवायला लॅबमध्ये जायचे, ओळखपत्राचे कृष्णधवल फोटो मात्र ते स्वतः करायचे. निगेटिव्ह खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून, टोक काढलेल्या पेन्सिलीने गालावरचे डाग भरायचे. सुरकुत्यांना हात लावायचे नाहीत. ‘मावशीने कमावल्यात त्या,’ म्हणायचे. खेड्यातला माणूस पडद्यासमोर आला की ताठरायचा. मग मास्तर कॅमेऱ्यामागून कापसाचा भाव विचारायचे. तो बोलायला लागला की खांदे सैल पडायचे आणि तेवढ्यात खटका दाबला जायचा.

दसरा झाला की ऊसतोडीला निघणारी कुटुंबं यायची. नवरा-बायको, कडेवरचं पोर, आणि गावी राहणारी म्हातारी. मास्तर म्हातारीला मध्ये खुर्चीत बसवायचे आणि थोरल्या नातवाचा हात तिच्या मांडीवर ठेवायचे. एक प्रत गावात, एक ऊसतोडीच्या कोपीवर. सहा महिन्यांची ताटातूट त्या एका बैठकीत मांडलेली असायची. घर सोडून निघणं मास्तरांना स्वतःला ठाऊक होतं, म्हणूनच कोणाला कोणाजवळ बसवायचं हे सांगावं लागत नसे. पाकिटावर नाव, गाव, तालुका, तारीख. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातलं कळमनुरी. १ मे १९९९ला हिंगोली वेगळी झाली, पाकिटं तशीच एका कपाटात राहिली.

त्याच दशकात, १९९३नंतर, मुख्य निवडणूक आयुक्त शेषनांच्या आग्रहाने मतदार ओळखपत्रं सुरू झाली. पहिल्यांदाच गावागावांतल्या गरिबातल्या गरिबाचा फोटो निघाला, ही मोठी गोष्ट. पण आमच्या शाळेत आलेल्या कंत्राटी माणसांनी बायाबापड्यांना भिंतीपाशी लोटलं, ‘वर बघ’ म्हणून हाकारलं आणि उरकलं. मुलांनी त्या फोटोंतल्या आयांना ओळखलं नाही. माणसाकडे पाहायलाच कुणी थांबलं नव्हतं, याचा राग मला अजून आहे. मास्तरांकडे पासपोर्ट फोटोसाठी पाच मिनिटं लागायची आणि तीही त्या माणसाची असायची.

मोबाइल आला. आता प्रत्येक लग्नावर ड्रोन फिरतो, हजारो फोटो पडतात आणि म्हातारी एकाही फोटोत मध्यभागी नसते. मला हे बघवत नाही. जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तकात संत जनाबाई आहेत, मुक्तिसंग्राम आहे. १९९५ साली परभणीचा रोजंदार कसा दिसत होता, याचं एक पान नाही.

१९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह घेतल्या, म्हणून आपण त्या आज पाहतो. दरबारी छायाचित्रकाराला जी किंमत मिळाली, तीच पासपोर्ट फोटो काढणाऱ्यालाही मिळायला हवी. सेलू, मानवत, गंगाखेडच्या जुन्या स्टुडिओंत अजूनही डबे पडलेले असतील. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मुलं पाठवावीत, मालकांशी बोलावं, पाकिटांवरची गावं उतरवून घ्यावीत, निगेटिव्ह स्कॅन कराव्यात. एका स्कॅनरचा आणि दोन उन्हाळी सुट्ट्यांचा प्रश्न आहे.