नोकरी कोणाला, गोष्ट कोणाची

२६ जुलै १९०२ रोजी करवीर (कोल्हापूर) संस्थानाच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. संस्थानाचे राजे शाहू महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, एवढं आपण शाळेपासून ऐकत आलो. हुकुमाचा पुढचा भाग मात्र भाषणांत क्वचित येतो. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची आणि खातेप्रमुखाने दर तिमाहीला त्याचा तक्ता सरकारात पाठवायचा. मला त्या हुकुमाचं बळ या तक्त्यात दिसतं. सदिच्छा सगळेच बाळगतात. तीन महिन्यांनी आकडा मागणारा धनी विरळा. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा राज्यकारभाराच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. १९१२ पर्यंत जागा ९५ झाल्या आणि त्यांतल्या ब्राह्मणांच्या ३५ उरल्या. दुसऱ्या बाजूने १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगं निघत होती, कारण नोकरीच्या दारापर्यंत पोचायला मुलाला आधी शहरात राहायला, जेवायला, शिकायला जागा हवी होती.

महाराजांच्याच काळातली गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. पागेतल्या या अस्पृश्य नोकराने सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं, भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं, गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज गाडी थांबवून तिथला चहा प्यायले. गोष्ट खरी आणि मोठी आहे. पण ती सांगताना आपण नेहमी गाडीत बसून सांगतो. रोज सकाळी चूल पेटवून, कोणी येणार नाही हे ठाऊक असतानाही भांडी घासून बसणारा माणूस आपल्या सांगण्यात दोन वाक्यांत संपतो. महाराजांच्या निधनानंतर त्यांचं स्मारक उभारायला याच गंगाराम कांबळेंनी पुढाकार घेतला, हे तर बहुतेकदा गळूनच जातं. उपकार घेणारा म्हणून एकदा ओळख पक्की झाली, की त्या माणसाचं कर्तृत्व सांगायचं कोणाला सुचत नाही.

हे चित्र कोल्हापुरातच बदललं, पण त्याला बराच काळ जावा लागला, आणि ते बदललं अपंगांच्या कामातून. नसीमा हुरजूक यांना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचं शरीर साथ देईनासं झालं. बाबूकाका दिवाण हे त्यांच्याचसारखे व्हीलचेअरवरचे उद्योजक भेटले आणि पुढचा रस्ता दिसला. सेंट्रल एक्साइजमधली नोकरी करत त्यांनी रजनी करकरे-देशपांडे आणि इतर सहकाऱ्यांसह काम उभं केलं. १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था निघाली. उचगावला वसतिगृह आणि शाळा झाली, सिंधुदुर्गात स्वप्ननगरीत काजू प्रक्रियेचा उद्योग निघाला. क्रम लक्षात घ्यावा: आधी राहण्याची सोय, मग शिक्षण, मग काम. शाहूंच्या बोर्डिंगांचाच तो क्रम होता. काजू फोडणं, सोलणं, निवडणं ही बसून करायची कामं. हातांत कसब असलं की पायांची अडचण उत्पादनाच्या आड येत नाही. अपंगांना कामावर घेणं म्हणजे दया, असं समजणाऱ्या मालकाने एकदा कामाची अशी फोड करून पाहावी.

नसीमादीदींचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन मला या सगळ्या प्रवासात फार मोलाचं वाटतं. संस्थेला देणग्या लागतात, देणग्यांसाठी डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट लागते, आणि ती गोष्ट साधारणपणे दुसराच कोणीतरी सांगतो. इथे सांगणारी बाई खुर्चीवर स्वतः बसलेली होती. काय सांगायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं, हे तिने ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४ मध्ये जाहीर भाषणात हीच तक्रार मांडली होती: आम्ही धडधाकट लोकांना स्फूर्ती देण्यासाठी जन्मलो नाही.

अपंगांसाठीचा कायदाही पुढे सरकला. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार २१ वर नेले. खासगी मालकांसाठी मात्र सक्ती नाही; ५ टक्के तरी असे कर्मचारी असावेत म्हणून सवलती द्याव्यात, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे बाजारपेठेत काय होतं, ते दुकानदाराच्या मनावर राहिलं.

आज कोल्हापूरच्या राजारामपुरीत कापड, मोबाइल, चष्मे, दागिने, क्लासेस, दवाखाने यांची एवढी गर्दी आहे की क्रमांकांच्या त्या गल्ल्यांत कधीकाळी निवांत बंगले होते हे नव्या पिढीला पटत नाही. काचेवर 'कामासाठी मुले-मुली पाहिजेत' ही चिठ्ठी असते आणि दारात चार पायऱ्या असतात. त्या पायऱ्यांनी अर्धी निवड आधीच केलेली असते.

शिवाय आता माल विकताना त्यामागची गोष्टही विकली जाते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तशीच चप्पल नाव न घेता दाखवली, तेव्हा आपण सगळे योग्यच संतापलो. कंपनीला या कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. पण आपल्याकडे तरी चप्पल घेताना ती कोणी शिवली ते विचारलं जातं का? बक्कल, वेणी, कातडं यांचं कौतुक होतं. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या घरात तळ शिवणाऱ्या बाईचा हात जाहिरातीत दिसतो, तिची मजुरी दिसत नाही.

माझं मागणं १९०२ च्या हुकुमाइतकंच कोरडं आहे. समाजासाठी धंदा करतो म्हणणाऱ्याने वर्षाकाठी एक तक्ता दुकानात लावावा: पगारपत्रकावर किती माणसं, त्यांत अपंग किती, बायका किती, कोणाला काय पगार, कोण वरच्या जागेवर गेलं. आणि ज्याचा फोटो छापायचा त्याला मजकूर मराठीत आधी वाचून दाखवावा, नको म्हणाला तर काढून टाकावा, आणि नकारामुळे त्याच्या कामावर गदा येणार नाही हे त्याला लेखी द्यावं.