न दिसणाऱ्या धुराचा हिशेब

मोटारीचा ब्रेक बिघडला, तर मालक त्याच दिवशी गॅरेज गाठतो. कारण तेथे धोका त्याच्या स्वतःच्या जिवाला असतो. इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान बसविलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गोष्ट निराळी आहे. तो निकामी झाला, तर त्याचे फळ बव्हंशी मागून येणाऱ्याला भोगावे लागते. त्याच्या बिघाडाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते, ते यामुळेच.

भारतातील चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले आणि त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोलही आले. हा योगायोग नव्हता. शिसे हे या उपकरणाचे विषच होय. त्याच्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर हा लेप विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे बरेचसे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो.

हे पोळे चोंदले, की मोटार स्वतःच तक्रार करू लागते. धूर बाहेर पडावयास वाट न मिळाल्याने इंजिन गुदमरते. सपाट रस्त्यावर बरी चालणारी गाडी कसारा घाटात दम टाकते, अॅक्सिलरेटर दाबूनही वेग धरत नाही, पेट्रोल मात्र अधिक पिते. गाडीच्या तळाशी नेहमीपेक्षा जास्त धग जाणवते. ठोकळ्याचे तुकडे झाले असतील, तर गाडी सुरू करताना डब्यात खडे वाजल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. कुजक्या अंड्यासारखा वास हेही एक लक्षण; पण तो वास इंजिनाला प्रमाणाबाहेर पेट्रोल मिळत असल्यामुळेही येऊ शकतो.

खरा घातक बिघाड दुसराच. लेपावर जळक्या ऑइलची पुटे चढतात किंवा अतितापाने तो निष्प्रभ होतो. पोळे मोकळेच राहते. गाडी पूर्ववत पळते, धूर दिसत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर रंग नाही की वास नाही. अलीकडच्या मोटारींत अशा वेळी इंजिनाचे चित्र असलेला पिवळा दिवा लागतो. गाडी ठीक चालते म्हणून तो दिवा कित्येक महिने तसाच तेवत ठेवणारे मालक थोडे नाहीत.

एवढ्यावरच हे थांबत नाही. चोंदलेल्या उपकरणावर काही मेकॅनिक सोपा इलाज सुचवितात : आतले पोळे फोडून काढावे आणि रिकामा डबा पुन्हा बसवावा. गाडी लगेच जोमाने धावू लागते, नव्या भागाचे हजारो रुपये वाचतात आणि मालक मेकॅनिकला दुवा देतो. वाचलेल्या पैशाची वसुली मात्र चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाकडून आणि बसथांब्यावरच्या शाळकरी मुलांकडून होते.

पीयूसी तपासणी ही चोरी पकडील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मोजमाप होतच नाही. उलट गाडी थंड असतानाच यंत्राची नळी लावली, तर धडधाकट कन्व्हर्टरही नापास होऊ शकतो.

वस्तुतः हे उपकरण क्वचितच आपणहून मरते. ठिणगी न टाकणारा प्लग, ऑइल जाळणारे इंजिन किंवा भेसळीचे पेट्रोल यांनी त्याचा बळी घेतलेला असतो. प्लग सदोष असला, की न जळालेले पेट्रोल पोळ्यात जाऊन पेटते आणि त्या उष्णतेने ठोकळा अक्षरशः वितळतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसविणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. कर्ज काढून जुनी मोटार घेणाऱ्या नोकरदाराने तर व्यवहार ठरविण्यापूर्वी गाडी जॅकवर चढवून तो डबा पाहावा. डब्यावर कापून पुन्हा जोडल्याचे वेल्डिंग दिसले, तर आत पोळे शिल्लक आहे की नाही, हे विकणाऱ्याला तेथेच विचारावे.