चाळीस सेकंदांची तोफ

पंचवटीतल्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं कुणीही विचारील. आम्हा नाशिककरांना तोफ म्हटली की देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आठवतं. पण युद्धनौकांवरची एक तोफ आमच्यासारख्याच कुंभमेळ्याच्या गावी, हरिद्वारला, ‘भेल’च्या कारखान्यात घडते. मूळ आराखडा इटलीच्या ओटो मेलारा कंपनीचा. नळीचा व्यास ७६ मिलिमीटर, नाव ‘सुपर रॅपिड’. माझगाव डॉकने बांधलेल्या ‘प्रबळ’ या जेमतेम ५६ मीटर लांबीच्या नौकेवर २००२ साली तीच बसवली गेली.

लहान नौकेवर मोठी तोफ का चालत नाही? तोफ उडाली की मागे धक्का देते. तो नौकेच्या सांगाड्याला सोसावा लागतो. शिवाय वर वजन वाढलं की नौका लाटांत जास्त कलते. म्हणून या तोफेच्या बुरुजात माणूस नाही, वरचं आवरण फायबरग्लासचं, आणि गोळे डेकखालच्या फिरत्या भांडारात. गोळ्यांवाचून वजन साडेसात-आठ टन.

आता वेगाचं कारण. १९६७ मध्ये इजिप्तच्या चिमुकल्या क्षेपणास्त्र नौकांनी ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका बुडवली. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलानेही तशाच नौका नेऊन कराचीवर हल्ला केला. लहान नौका मोठीला बुडवू शकते, हे जगाला कळलं. मग क्षेपणास्त्र आपल्यावरच आलं तर?

लाटांना खेटून येणारं क्षेपणास्त्र सेकंदाला जवळपास ३०० मीटर कापतं. ते सहा किलोमीटरवर असेल तर हाताशी उरतात वीस सेकंद. ही तोफ मिनिटाला १२० गोळे सोडते, म्हणजे वीस सेकंदांत चाळीस. नेम रडार आणि संगणक धरतात. गोळा नेमका लागलाच पाहिजे असं नाही. त्याचा फ्यूज लक्ष्याजवळ पोचताच स्फोट घडवतो आणि ठिकऱ्या काम करतात. नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाणी खेळवलेलं असतं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा १६ सुधारित तोफांसाठी ‘भेल’शी करार केला.

पण एक हिशेब लक्षात ठेवावा. भांडारात तयार गोळे असतात ऐंशी. सलग सोडले तर चाळीस सेकंदांत संपले! मग डेकखाली उभ्या असलेल्या नौसैनिकांनी बारा किलोंहून जड असा एकेक गोळा उचलून भांडार पुन्हा भरायचं. वर यंत्र कितीही चपळ असो, खाली भिस्त त्यांच्याच हातांवर.