पेन्सिल कोण खातं?

मुलांनो, अगदी खरं सांगा हं. पाटीवरची पेन्सिल कधी खाल्ली आहे का? खडू? भिंतीचा पोपडा? पहिला पाऊस पडला, मातीचा वास आला, की चिमूटभर माती तोंडात टाकावीशी वाटते का? लाजू नका. माझ्या वर्गात दर वर्षी असे एकदोघं निघतातच. मोठ्या बायकांतही असतात, फक्त त्या सांगत नाहीत.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. आता ती मोठी झाली आहे, हा अंक हाती पडला तर रुसेल. तिची पेन्सिल रोज हरवायची. सकाळी अख्खी, मधल्या सुट्टीत बोटाच्या पेराएवढी, आणि शाळा सुटताना गायब. शेजारचा मुलगा ओरडायचा, "बाई, हिनं खाल्ली!" मी दोघांनाही दटावायचे.

वर्गात ती भिंतीला टेकून बसायची. काल पाठ झालेला पाढा आज साफ विसरलेली असायची. खो-खोच्या दोन फेऱ्या झाल्या की धाप लागून खाली बसायची. मी तिला काय काय म्हटलं असेन! 'झोपाळू' म्हटलं, 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हटलं, आणि एकदा तर सगळ्या वर्गासमोर 'हिच्या डोक्यात काही शिरतच नाही' असंही म्हटलं. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, हे इथं मुद्दाम लिहिते.

मग शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली. आतून ती लालसर गुलाबी हवी. हिची कागदासारखी पांढरट होती. "माती, खडू खातेस का गं?" त्यांनी विचारलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन निघालं ८.२. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये ते ११.५ च्या खाली जाऊ नये.

"बाई, ही आळशी नाही," डॉक्टर मला म्हणाल्या. "हिच्या अंगात लोह कमी पडलंय."

लोह म्हणजे आपलं लोखंडच. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात ते जेमतेम तीन-चार ग्रॅम असतं, म्हणजे एखाद्या खिळ्याइतकं! त्यातलं बरंचसं रक्तात असतं आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं काम करतं. ते कमी पडलं की धाप लागते, थकवा येतो. अखाद्य वस्तू खाव्याशा वाटणं हीसुद्धा त्याची एक खूण असू शकते. (पेन्सिल खाऊन लोह मिळत नाही बरं का! मातीतून जंत मात्र पोटात जातात.)

एवढं तुमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं असेल. पुढचं मलाही तोवर ठाऊक नव्हतं. आपला मेंदू वजनानं शरीराचा पन्नासावा भाग, पण अंगात येणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. शिवाय मेंदूला स्वतःसाठीही लोह लागतं. विजेच्या तारेवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, तसं मेंदूतल्या तंतूंवर एक स्निग्ध वेष्टण असतं. त्यामुळे निरोप भराभर पोचतात. हे वेष्टण तयार व्हायला लोह हवं. लक्ष देणं आणि लक्षात ठेवणं या कामातली डोपामिनसारखी रसायनं तयार व्हायलाही लोह हवं. आणि गंमत पाहा, म्हणजे गंमत तरी कशी म्हणायची, लोहाचा तुटवडा पडू लागला की शरीर ते आधी रक्ताला देतं. मेंदूचा नंबर मागे. रक्ताचा आकडा अजून बरा दिसत असतानाही मेंदू उपाशी असू शकतो.

त्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. आई चुलीपुढे बसली होती, सहावा महिना चालू होता. तिच्या पापण्या पाहायला मी काही डॉक्टर नव्हे, पण ओठ पांढरे पडलेले मलाही दिसले. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या देवाच्या फोटोमागे तशाच होत्या. "मळमळतं ओ बाई. आन् सासूबाई म्हनत्यात, त्यानं बाळ काळं व्हतं."

बाळ काळं होत नाही. शौचाचा रंग मात्र काळपट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळही कमी होते. मी तिथं बसले होते तेव्हाच जेवणं झाली. आधी पुरुष, मग पोरं, मग सासूबाई. तिच्या वाट्याला शेवटी अर्धी भाकरी आणि उसळीचा नुसता रस्सा. मटकी वरच्यावर संपली होती. कोणी मुद्दाम केलं नव्हतं हो. रोज असंच चालायचं.

आईबाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. पोटातलं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून लोहाची शिदोरी बांधून घेतं. जन्मल्यावर नाळ निदान एक मिनिटभर थांबून कापली तर त्या शिदोरीत आणखी भर पडते. ती साधारण चार ते सहा महिने पुरते, कारण आईच्या दुधात लोह थोडंच असतं. सहाव्या महिन्यात आपल्याकडे उष्टावण करतात ते अगदी वेळेवर! पण उष्टावणानंतर आपण देतो काय? भाताची पेज आणि वरणाचं पाणी. लोह असतं खालच्या डाळीत, आणि डाळ जाते मोठ्यांच्या ताटात! बाळाला ती डाळ मऊ घोटून द्या. त्यात बारीक चिरून शिजवलेली पालेभाजी घाला, चालत असेल तर अंडं द्या. अंगणवाडीत मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, सांगितलं तेवढंच.

घाई का, ते सांगते. मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा चिमुकला देश आहे. तिथं १९८० च्या दशकात बेट्सी लोझॉफ या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ते दोन वर्षांच्या १९१ बालकांची तपासणी केली. ज्यांना लोह कमी होतं त्यांना औषध दिलं, आणि त्यांचं रक्त सुधारलं. पण तीच मुलं पाच वर्षांची झाल्यावर, आणि पुढे अकरा-चौदा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा लहानपणी ज्यांच्यात लोह फारच कमी होतं ती शिकण्याच्या चाचण्यांत मागेच होती. घरची गरिबी, आईचं शिक्षण याचाही परिणाम असतो, तो संशोधकांनी हिशेबात धरला होता. तरी फरक उरला. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची बांधणी झपाट्यानं चालू असते. तेव्हा राहून गेलेलं नंतर सगळंच भरून निघेल अशी खात्री नाही.

पण मग आपण मोठे झालो, आता काय उपयोग, असं म्हणू नका! आपल्याच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींना नेहमीच्या बाजरीची भाकरी दिली, काहींना जास्त लोहाच्या 'धनशक्ती' बाजरीची. हे वाण इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मिळून तयार केलं आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातली मुलं लक्ष आणि स्मरणाच्या चाचण्यांत अधिक सुधारलेली आढळली. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साधी भाकरी हो! ना टॉनिक, ना महागाचा डबा.

आणि हा तुटवडा काही एखाद्या घरापुरता नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची १०० पैकी ६७ मुलं आणि १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. सगळा दोष लोहाचाच नसतो. बी-१२ ची उणीव, मलेरिया, सिकलसेल अशी कारणंही असतात, म्हणून मनानं औषध घेऊ नये, आधी तपासून घ्यावं.

मला मात्र सगळ्यात राग येतो तो चहाचा. सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येणारी मुलं मी रोज पाहते. चहातल्या टॅनिनमुळे चपातीतलं लोह अंगी लागत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. त्याउलट लिंबू, आवळा, पेरू यांच्यामुळे लोह चांगलं शोषलं जातं. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, पाहा कशी चव येते! लोखंडी कढई माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत फार शहाणपणाची आहे. फक्त ते एकटे पुरेसे नाहीत, आणि गरोदरपणी मात्र विचारल्याशिवाय खाऊ नयेत. परसाकडे अनवाणी जाऊ नका. आकड्यासारखे जंत पायातून शिरतात आणि आतून रक्त पितात. १० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी मिळते, ती चुकवू नका.

आठवड्याची गुलाबी गोळी (दहा वर्षांवरच्यांना निळी) उपाशीपोटी नको, खिचडी झाल्यावर घ्या. आणि एक ताकीद: घरातल्या गोळ्या उंचावर, झाकणबंद ठेवा. त्या चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

माझी ती विद्यार्थिनी औषधानं बरी झाली. दोनतीन महिन्यांत खो-खोत पळू लागली. तेराचा पाढा तिला पुढेही अडायचा, खोटं कशाला सांगू? सगळ्या वर्गासमोर बोलले होते, म्हणून सगळ्या वर्गासमोरच मी तिला म्हटलं की माझं चुकलं. ती नुसती हसली. तिच्या आईनं त्या लाल गोळ्या पुढे जेवणानंतर नेमानं घेतल्या. तेव्हा पोटात होता तो तिचा भाऊ पहिलीला माझ्याच वर्गात आला. फार बडबड्या! पहिल्या दिवशी मी त्याचं दप्तर उघडून पाहिलं. शाळा सुटताना पुन्हा पाहिलं. पेन्सिल अख्खी होती.