जीन्स आधी कुठे विरते?

जीन्स कितीही दणकट असली, तरी तिची झीज ठरलेल्या जागी होते: मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांवर आणि पायाच्या काठाला. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून तिथे धातूचे रिव्हेट ठोकण्याचे पेटंट मिळवले. खिसे टिकू लागले. कापडाचे घासणे मात्र थांबले नाही.

डेनिममध्ये उभे धागे निळीत रंगवलेले असतात, आडवे बहुधा पांढरे. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवरच बसते. चालताना मांडीला मांडी घासली की आधी रंग उडतो, मग निळे धागे तुटतात आणि आडव्या पांढऱ्या धाग्यांची जाळी तेवढी उरते. स्ट्रेच जीन्समधले इलास्टेन कडक उष्णतेने कमकुवत होते; मग गुडघ्याला फुगा येतो.

धुतानाही कापड घासले जाते; म्हणून दर वापरानंतर जीन्स धुवायची गरज नाही.

धुताना चेन लावून, उलटी करून, गार पाण्यात धुवावी. ब्रश घासू नये, वाळत सावलीत घालावी. कापड विरळ दिसू लागले की लगेच आतून तुकडा लावून रफू करून घ्यावे. भोक पडायची वाट पाहू नका. तोवर आजूबाजूचे कापडही टाका धरण्याजोगे राहत नाही.