दलदलीतील सीमारेषा आणि नत्राचा प्रभाव

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींत गवतांचे पट्टे आखून घेतल्यासारखे स्पष्ट दिसतात. भरतीचे पाणी रोज येणाऱ्या सखल भागात स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे उंच गवत वाढते. त्यावरील चढाच्या भागात स्पार्टिना पेटन्स या बुटक्या गवताची दाट गादी असते.

मार्क बर्टनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून पुनर्लागवडीच्या प्रयोगांद्वारे या सीमारेषेची कारणे तपासली. सखल भागात लावलेले बुटके गवत, शेजारी अन्य गवत नसतानाही, टिकले नाही. कारण तेथील सतत चिंब असलेल्या मातीत प्राणवायूचा अभाव असतो. उंच गवत पानांतून मुळांपर्यंत हवा पोहोचवते, म्हणून ते तेथे तगते. हेच गवत चढाच्या भागात, शेजारचे गवत काढल्यावर, जोमाने वाढले. यावरून ते स्पर्धेमुळेच खालच्या भागात लोटले जाते, हे स्पष्ट झाले.

ही स्पर्धा मुख्यतः जमिनीतील अन्नद्रव्यांसाठी असून तीत दाट मुळांचे बुटके गवत सरस ठरते. खत दिलेल्या वाफ्यांत मात्र ही टंचाई संपली, स्पर्धा सूर्यप्रकाशासाठी सुरू झाली आणि उंच गवताची सरशी झाली.

शेतातून वाहून जाणारे नत्र पाणथळ जागेतील वनस्पतींचा समतोल अशा प्रकारे बदलू शकते. पिकाच्या गरजेनुसार, हप्त्यांत विभागून दिलेले नत्र म्हणूनच बांधापलीकडील परिसंस्थेसाठीही हितकारक ठरते.